पूर्ण मापाचं

दोन्ही पिस्तुलं पूर्ण मापाची आहेत, हे आधीच सांगून टाकते. दुकानदारानं मला पहिल्यांदा काढून दाखवलं ते आखूड नळीचं, छोट्या सिलिंडरचं, वजनाला हलकं. ‘मॅडम, लेडीज और बच्चे यही लेते हैं.’ तोपर्यंत मला ते मनापासून आवडलं होतं. मनगट भरून येत नव्हतं, किंमतही त्यातल्या त्यात आटोक्यातली. पण ‘और बच्चे’ कानावर पडलं आणि बँकेत असताना ज्या आवाजात मी ‘हे व्हाउचर परत न्या’ म्हणायचे, त्याच आवाजात म्हटलं, ‘फुल साइज दाखवा.’

तेव्हापासून घरात दोन नावं नांदताहेत. मोरिनी आणि स्टायर. एक स्विस, एक ऑस्ट्रियन. दोन्ही दहा मीटरची एअर पिस्तुलं, दोन्ही किलोभराच्या आसपास, दोन्हींतून 4.5 मिलिमीटरचा छर्रा उडतो. मोरिनीचा ट्रिगर इलेक्ट्रॉनिक, बॅटरीवर चालणारा. स्टायरचा साधा यांत्रिक, पण त्याच्या पोटात एक सरकतं वजन असतं, ते धक्का गिळून टाकतं. दोन्हींची किंमत अशी, की आकडा सांगताना मला नेमका शेवटच्या शून्यापाशी खोकला येतो.

यांतलं कोणतं घ्यावं, याबाबतीत इंदूरजवळच्या आमच्या राऊमध्ये मतांची टंचाई नाही. शेजारी महू. तिथे लष्कराचं मार्क्समनशिप युनिट आहे, 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य जिंकणारे सुभेदार विजय कुमार तिथेच घडले. त्यामुळे वाऱ्यावरून येत असावं, पण राऊ सर्कलच्या कचोरीवाल्यापासून कॉलनीच्या सेक्रेटरीपर्यंत प्रत्येकाला ट्रिगर कसा दाबावा ते ठाऊक आहे. आमच्या ह्यांनी आयुष्यात जत्रेतला फुगासुद्धा फोडलेला नाही, पण तेही स्टायरच्या बाजूचे. त्यांचा मुद्दा एकच, ‘मनू भाकरचं काय झालं आठव!’ टोकियोत ऐन पात्रता फेरीत तिचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, आणि 575 गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली. दोन गुण आणखी असते तर अंतिम फेरी. ‘म्हणजे बॅटरी नको,’ इति हे. मी सांगून पाहिलं की पुढे 2024 मध्ये त्याच मुलीनं पॅरिसला दोन ब्राँझ जिंकली. त्यावर हे म्हणाले, ‘तू पॅरिसला जाणार आहेस का?’ मी लगेच नाही म्हटलं नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं.

तर माझ्या नेमाविषयी. दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. ते दहा मीटरवर टांगलेलं. नेमबाजानं एका हातानं, कशालाही न टेकता, ती गुंडी टिपायची. माझे छर्रे गुंडी तेवढी सोडून बाकीचा सगळा शर्ट व्यवस्थित भरतात. कॉलरसुद्धा.

अशा दर्जाच्या पिस्तुलाबरोबर कारखान्यातून चाचणीचं कार्ड येतं. यंत्रात आवळून, माणसाचा हात लागू न देता झाडलेले छर्रे, सगळे एकाच भोकातून गेलेले. दुकानदारानं तुलनेसाठी दोन्ही कार्डांचे फोटो पाठवले. त्यातला एक मी ‘समस्त परिवार’ या आमच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते माझ्या स्वभावात नाही. पुण्याच्या जाऊबाईंनी टाळ्या पाठवल्या. ठाण्याच्या मामेभावानं लिहिलं, ‘राही सरनोबतला सांगा, जपून राहा म्हणावं.’ कोल्हापूरची राही, 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलेली, आशियाडमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला. तिच्या नावाच्या शेजारी आपलं नाव वाचून माणसाला जे होतं ते मला झालं. तो मेसेज मी जपून ठेवलाय. यंत्रालाही कुणीतरी दाद द्यायला हवीच की.

घरचा सराव पिस्तुलाविना. देवघरातला पितळी तांब्या पाण्यानं भरला की किलोभर होतो. तो उजव्या हातात धरून, हात ताठ करून स्वयंपाकघरात उभी राहते, श्वास अर्धा सोडते, थांबते. कामाला येणाऱ्या बाईनं पहिल्या दिवशी हे पाहिलं, हातातला झाडू बाजूला ठेवला आणि अदबीनं म्हणाली, ‘मॅडमजी, सूरज उधर है.’ मी फ्रीजला अर्घ्य देत होते.

डावा हात कुठे ठेवायचा हा वेगळाच प्रश्न. तो लोंबकळत राहिला की आख्खं अंग हलतं, म्हणून नेमबाज तो खिशात घालतात नाहीतर पट्ट्यात अडकवतात. पॅरिसमध्ये मिश्र दुहेरीत रौप्य जिंकणारा तुर्कस्तानचा युसुफ दिकेच आठवत असेल, 51 वर्षांचा, साधा चष्मा, एक हात खिशात. त्याचे फोटो जगभर फिरले आणि माझ्या वयाच्या लोकांना उगाच आशा लागली. मात्र बायकांच्या कपड्यांना खिसा असावा असं कुठल्याही संस्कृतीला वाटलेलं नाही. मी शिंप्याकडून कुर्त्याला डाव्या बाजूला खोल खिसा शिवून घेतला. आता रेंजवर मी दिकेचसारखी उभी राहते. निदान मानेच्या खाली.

आता डोळ्याचं. आमचे प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. त्यांनी दोन्ही तळहातांचा त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा झाकायला सांगितला. उजव्या हाताच्या या बाईचा हुकमी डोळा डावा निघाला. ‘काय बिघडत नाय ताई,’ ते म्हणाले, ‘एका डोळ्यावर झापड लावू.’ नियमानं ती झापड तीन सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. मी मात्र मनातून फुलले, कारण एका डोळ्याचा विषय आमच्या इंदुरी मराठी घरात निघाला की तो झापडीवर थांबत नाही, थेट यशवंतराव होळकरांपर्यंत जातो.

तोड्याची बंदूक फुटून यशवंतरावांचा एक डोळा गेला. नेम धरायला मुळातच एक डोळा लागतो, दुसरा नुसता लुडबुड करतो, त्यामुळे हे संकट की सोय, यावर आमच्या आजोबांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा वाद दर दिवाळीला ठरलेला. दिवाळीलाच, कारण 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा धुव्वा उडवला आणि दुसरा बाजीराव पुणं सोडून पळाला. पुण्याची मंडळी ही आठवण काढत नाहीत. आम्ही ती चकल्यांबरोबर काढतो. डोळा गेल्यावर यशवंतराव काय म्हणाले ते कंपनी सरकारच्या जॉन माल्कमनं नोंदवून ठेवलंय. लोकांत समजूत अशी की काणा माणूस जात्याच बेरका. यशवंतराव हसले म्हणे, की आधीच मी काही कमी नव्हतो, आता तर साऱ्या बदमाशांचं गुरुपद माझ्याकडे आलं! शुक्राचार्यांची गादीच म्हणा ना. पुढे इंग्रजांनी गांजल्यावर या माणसानं भानपुऱ्याला तोफा ओतायचा कारखाना घातला, आणि 1811 मध्ये, पस्तिशीतच, तिथेच देह ठेवला. माझ्या वयाला त्यांना जाऊन वीस-बावीस वर्षं झाली असती, आणि मी इथे मूठ लहान घ्यावी की मध्यम या विवंचनेत.

त्या तोफखान्यात आमचे पूर्वज होते. आजोबा सांगायचे, बारुदाचा हिशेब लिहायला कारकून होते. बाबांच्या तोंडी ते नुसतेच ‘तोफखान्यात’ झाले. मी रेंजवर नाव घातलं त्या दिवशी प्रशिक्षकांना सांगितलं, ‘गोलंदाजाचं रक्त आहे.’ दर पिढीला एक बढती, सरकारी नियमाप्रमाणे. प्रशिक्षकांनी माझं पहिलं कार्ड उजेडात धरून नीट बघितलं आणि म्हणाले, ‘हिशेबाकडचं वाटतंय.’

विषय पिस्तुलाचा होता.

गंमत म्हणजे या सगळ्यात मला कुणी विचारलं नाही की नेमबाजी का. सगळ्यांनी आपापलं उत्तर धरून ठेवलेलं. वॉचमन आता सलाम ठोकतो. सेक्रेटरी विचारतात, ‘काकू, लायसन्स मिळालं?’ .177 बोअरच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर पिस्तुलाला 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही, हे सांगितलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा आदर वितळतो. मैत्रिणी म्हणतात, बरं केलंस बाई, आजकाल काही भरवसा नाही. म्हणजे बाईनं हातात पिस्तूल घेतलं की ते कुणाच्या तरी भीतीनंच.

इथे मला खरोखर राग येतो. 2014 च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून .32 बोअरचं एक हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो. नाव ‘निर्भीक’. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीच्या बसमध्ये ज्या मुलीची विटंबना झाली, जी त्यातून वाचली नाही, तिला लोकांनी निर्भया म्हटलं, त्या नावावरून. किंमत सव्वा लाखाच्या घरात. आणि ते मिळायचं दागिन्यांच्या मरून डब्यात. त्या डब्याचं काय करावं ते मला अजून कळत नाही. कुणाच्या तरी डोक्यात तो आला असेल, कुणीतरी नमुने मागवले असतील, रंग पसंत केला असेल. जिच्या नावावर हे चाललं होतं तिची आई तेव्हा कोर्टाच्या पायऱ्या चढत होती. बसमध्ये दिवे लावणं, रस्त्यावर पोलीस ठेवणं राहू द्या, ज्या बाईला सव्वा लाख परवडतील तिनं आपलं आपण बघावं, वर मखमल आमच्याकडून.

मला कुणाला मारायचं नाही, कुणापासून वाचायचंही नाही. मला रविवारी सकाळी दहा मीटरवरच्या कागदाला मधोमध भोक पाडायचंय. त्याचा काडीचा उपयोग नाही, म्हणून तर ते मला हवंय. बायकांच्या वाट्याला बिनउपयोगाची गोष्ट सहसा येत नाही. भरतकाम केलं तरी त्याचा अभ्रा होतो.

असो. शेवटी प्रशिक्षकांनीच निकाल लावला. दोन्ही पिस्तुलं टेबलावर ठेवून मी त्यांना इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, सरकतं वजन, सिलिंडरची मुदत असं सगळं ऐकवत होते. सिलिंडरवर तारीख असते, दहा वर्षांनी तो बाद. म्हणजे मी सदुसष्टची होईन तेव्हा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, दोन्ही पिस्तुलं तुमच्यापेक्षा हुशार हायत. मूठ बसंल ते घ्या.’

मूठ बसते की नाही ते डोळे मिटून कळतं. पिस्तूल हातात घ्यायचं, डोळे बंद, हात नेमापर्यंत वर, मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट मागच्या खाचेच्या मधोमध असली की हात आणि मूठ एकमेकांचे झाले. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, खरखरीत, अंगठ्याला, बोटांना, तळव्याच्या गादीला वेगवेगळी जागा कोरलेली, खाली हाताची कड टेकायला सरकती फळी. मोरिनीचं नाव मुठींसाठीच गाजलेलं, हे वाचून ठाऊक होतं, तरी माझा कल स्टायरकडे. नाव कसं भारदस्त, आणि ग्रुपवर जाहीरही करून झालेलं. स्टायर उचललं, डोळे उघडले, साइट डावीकडे. पुन्हा उचललं, पुन्हा डावीकडे. मोरिनी उचललं, साइट मधोमध. मी लबाडी करून डोळे उशिरा उघडून पाहिले, तरी मधोमध. दुसऱ्या कुणाच्या हातात हे बरोब्बर उलटं होऊ शकेल, हे प्रशिक्षकांनी दोनदा सांगितलं. ह्यांना ते एकदाही पटलं नाही.

मग कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढली, रुंदी मोजली. माप आलं ‘स्मॉल’. पूर्ण मापाच्या पिस्तुलाला सर्वांत... बरं, जवळजवळ सर्वांत छोटी मूठ.

‘बाहेरून दिसतं का एस लिहिलेलं?’ मी दुकानदाराला फोनवर विचारलं.

‘नहीं मॅडम, हाथ में छुप जाता है.’

‘मग चालेल.’

पैसे भरले, ओळखपत्राची प्रत दिली. बिल आलं ते ह्यांच्या नावावर. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, ‘सर के लिए ही है ना? या फिर पोते के लिए?’ पिस्तूल निवडायला लागला नसेल इतका वेळ आम्ही त्या बिलावर घालवला. नाव बदलून घेतलं, श्रीमतीच्या पुढचं ह्यांचं नाव काढून माझं घालायला लावलं, स्पेलिंग दोनदा दुरुस्त केलं, आणि तिसरी प्रत निघाली ती वाचून मगच सही केली. बँकेतली सवय.