आमका कळलाच नाय!

मालवण, देवगड, वेंगुर्ला, कुठल्याही वाडीत जा. तिथे एक इन्व्हर्टरवाले आबा असतातच. पावसात माडाचं चुडत तारेवर पडलं आणि वाडी काळोखात गेली, की मिनिटभरात त्यांचा फोन येतो, "लायट गेली काय रे तुमची?" समोरचं घर काळंठिक्कर दिसत असतं, तरी विचारायचं. उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य, "आमका कळलाच नाय!" हे वाक्य म्हणता यावं एवढ्यासाठीच त्यांनी इन्व्हर्टर घेतला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पडवीत ट्रॉलीवर दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी असते. तिची बडदास्त बाळंतिणीसारखी. डिस्टिल्ड वॉटरच पाजायचं, विहिरीचं नाही. खाऱ्या वाऱ्याने टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. ती सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन चोपडायचं. दसऱ्याला कोयता, पारय यांच्या शेजारी तिलाही झेंडूचं फूल.

गणित तोंडपाठ. १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १८०० वॅट-तास. ७५ वॅटचे दोन पंखे, ९ वॅटचे तीन बल्ब. रात्र आरामात निघते. अर्थात कागदावर. एक तर बॅटरी पार रिकामी करायची नसते, आणि दुसरं म्हणजे घरात काकी असतात. काकींना नेमकं लाईट गेल्यावरच माशाच्या कढीचं वाटप काढायचं असतं. साडेसातशे वॅटचा मिक्सर फिरला, की ९०० व्हीएचा इन्व्हर्टर एकदा किंचाळतो आणि घरभर काळोख.

"मिक्सर कोणी लावल्यान?"

"लायट गेली होती? माका कळलाच नाय!"

चतुर्थीला चाकरमानी आले की आबा आचारसंहिता जाहीर करतात. इस्त्री नाही, गीझर नाही, हेअर ड्रायरचं नाव काढायचं नाही. मुंबईचा पुतण्या रात्रभर लॅपटॉप लावून झोपला, तर सकाळी त्याच्या चहात साखर कमी असते.

१६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं. माड, आंबे, खांब, सगळे एकाच दिवशी आडवे झाले. त्या रात्री वाडीत एकच घर उजळलेलं. आबांनी मन मोठं करून एक्स्टेन्शन बोर्ड बाहेर मांडले, येईल त्याचा मोबाईल चार्जिंगला, वर टीव्हीवर वादळाच्या बातम्या. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर टुंयटुंय करायला लागला. बॅटरी भरायलाही लाईटच लागते, हे शास्त्र वाडीला तेव्हा समजलं. कितीतरी गावं त्यानंतर कित्येक दिवस काळोखात होती. आबा स्वतःचा मोबाईल घेऊन जनरेटरवाल्या दुकानासमोर रांगेत उभे राहिले, आणि रांगेतही लोकांना चार्जरचे अँपिअर समजावत होते.

मग फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान. आबांनी कौलांवर पॅनल चढवले. पहिल्याच भर दुपारी लाईट गेली. ऊन रखरखीत, पॅनल तळपतायत आणि सोलरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा. ऑनग्रिड यंत्रणा लाईनमधला पुरवठा गेला की आपोआप बंद पडते. घरची वीज उलटी तारेत गेली, तर खांबावर चढलेल्या वायरमनाला झटका बसायचा. आबांनी हे वाडीला सांगितलं ते मात्र असं, "वायरमनासाठी मीच तशी सोय करून घेतलंय."

सध्या हायब्रीड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरीचं कोटेशन आलंय. आबांनी त्याची चार पानं मोठ्याने वाचून दाखवली, सायकल किती, वॉरंटी किती, सगळं. काकी खोबरं किसत होत्या. किमतीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

"ह्येच्यार मिक्सर चलतलो मां?"