नव्व्याण्णव टक्के आणि दहा रुपयांचे सेल

2024 च्या विधानसभा निकालानंतर मतदानयंत्राची बॅटरी 99 टक्के कशी, यावर महाराष्ट्रात घरोघरी विद्युत अभियंते निपजले. यंत्रात एकदाच वापरायच्या अल्कलाइन बॅटऱ्या असतात आणि व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली जाईपर्यंत पडद्यावर 99 च दिसतात, हे आयोगाचं म्हणणं कुणाला पटलं, कुणाला नाही. पण बॅटरीबद्दल इतकी जागरूक असलेली ही जनता कोपर-डोंबिवलीत बीपीचं मशीन घेते, तेव्हा कंपनी, वॉरंटी, पट्ट्याची लांबी अशी सगळी उलटतपासणी होते आणि सेल मात्र स्टेशनबाहेरच्या टपरीवरून येतात. तेही दोनच. उरलेले दोन भिंतीवरच्या घड्याळातून निवृत्त झालेले. आजोबांचा दाब मोजायला त्यांना मुदतवाढ मिळते.

स्वस्त झिंक-कार्बन सेलची यात बदनामी नको. घड्याळाला, रिमोटला वीज थेंबाथेंबानं लागते, तिथे तो उत्तम. बीपीचा पंप मात्र पट्टा फुगवताना एकदम वीज ओढतो, सेलचं व्होल्टेज बसतं आणि मशीन बॅटरीचं चिन्ह दाखवून गप्प होतं. साधारणपणे मेडिकल बंद झाल्यावर. शिवाय या सेलचं जस्ताचं डबडं हेच त्याचं इंधन. ते झिजून भोक पडतं आणि आतलं आम्लधर्मी पाणी थेट स्प्रिंगवर उतरतं. नव्याजुन्यांची जोडी लावली तर नवा सेल दमलेल्यातून प्रवाह रेटत राहतो, दमलेल्याचे ध्रुवच उलटतात, मग गळतीला मुहूर्त लागत नाही.

‘अल्कलाइनही गळतातच की!’ हा आक्षेप अगदी खरा. पार उतरलेल्या अल्कलाइनमध्ये हायड्रोजन साठतो, सील सुटतं, पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि हवा लागून त्याचा पांढरा भुगा स्प्रिंगवर धरतो. पण म्हणून स्वस्तातले घ्या, हे कुठलं तर्कशास्त्र? चारही सेल एकाच पाकिटातले घालावेत, मशीन पडून राहणार असेल तर काढून ठेवावेत. या दुसऱ्या उपायाला तर दमडीही लागत नाही. वर्षभर कपाटात राहून ऐनवेळी चालायलाच हव्या अशा महागड्या यंत्राला, माहितीपत्रकाची परवानगी असेल तर, दीड व्होल्टचे लिथियम पेन्सिल सेल घ्यावेत. किंमत कितीतरी जास्त, पण गळण्याची भीती फार कमी. कानाच्या यंत्राचं गणित आणखी वेगळं. त्याच्या झिंक-एअर सेलवरचा स्टिकर काढला की हवा आत शिरते आणि उतरण सुरू होते, सेल यंत्रात असो वा नसो. तरीही दुकानात सहाच्या सहा स्टिकर सोलून ‘सगळे चालू आहेत ना’ हे तपासून घेणाऱ्या चोखंदळ गिऱ्हाइकाला कोपरापासून नमस्कार.