बंदीचा वाढदिवस

आपल्याकडे कुणाच्याही वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो. गुटखाबंदीचा मात्र आजवर कुणी साधा केक कापलेला नाही. ही बया जुलै २०१२ मध्ये जन्माला आली. अन्नसुरक्षा कायद्यानुसार आयुक्तांना अशी बंदी एका वेळी फार तर वर्षभरासाठी घालता येते, म्हणून दरसाल नवा आदेश काढावा लागतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा, हा बारा महिन्यांचा. करार सरकार करतं, राहतो मात्र गुटखाच.

बंदीनं काहीच झालं नाही, असं म्हणणारे कृतघ्न आहेत. पूर्वी पुड्यांच्या माळा टपरीवर तोरणासारख्या लोंबायच्या, कसली म्हणून किंमत नव्हती. आता गिऱ्हाईक नुसती दोन बोटं दाखवतं. टपरीवाला आधी रस्त्याकडे बघतो, मग गल्ल्याखाली हात घालतो आणि मुठीतून मुठीत माल जातो. पैसे छापील किमतीपेक्षा जास्त, तेही सुट्टे. पूर्वी हा थाट फक्त गुप्तधनाला होता.

दोन बोटं, कारण पुड्या दोन. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. सीमेपलीकडून येताना दोघं अनोळखी प्रवासी असतात. लग्न गिऱ्हाईकाच्या तोंडात लागतं. (विदर्भात असली लपवाछपवी नाही. तिथं पन्नीवर खर्रा घोटतानाचा आवाजच जाहिरात करतो.)

काही सात्त्विक मंडळी मात्र ‘आपलं नुसतं सुपारीवर असतं’ असं अभिमानानं सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सांगून ठेवलंय की, तंबाखू नसली तरी सुपारी एकटी कर्करोगाला पुरेशी आहे. सुपारीनं गालाच्या आतलं कातडं चामड्यासारखं ताठ होत जातं आणि जबडा उघडेनासा होतो.

आमच्या शेजारच्या काकांचा झालाय. धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. काकांचं एक जेमतेम जातं. वडापाव ते आधी तळहाताखाली दाबून पापडासारखा करतात. मिसळीचा रस्सा जिभेला लागला की डोळ्यांतून धारा. तोंडात तोबरा असला की हनुवटी आभाळाकडे करून ‘हं, हं’ एवढंच बोलतात, त्यामुळे सोसायटीच्या सभेत त्यांचं मत सदैव अनुकूल धरलं जातं. तंबाखूच्या पुडीवर सडलेल्या जबड्याचं चित्र असतं. काका ते दातांनी फाडतात.

परवा त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, ‘आ करा.’

‘केलाय की,’ काका दातांच्या फटीतून म्हणाले.

डॉक्टरांनी पट्टी लावून माप घेतलं, कागदावर लिहिलं, सुपारी आजपासून बंद म्हणाले, तपासणीसाठी तुकडा काढायची तारीख दिली. काकांनी कागद नीट घडी घालून खिशात ठेवला. जिना उतरलो तर खाली टपरी.

‘काय म्हणाले डॉक्टर?’ टपरीवाल्यानं आपुलकीनं विचारलं.

काकांनी दोन बोटं दाखवली. टपरीवाल्यानं रस्त्याकडे बघितलं आणि गल्ल्याखाली हात घातला.