पिकपला कोण थांबतं?

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत रस्त्याकडेच्या कुठल्याही गावात जाऊन विचारा, 'पिकअप' म्हणजे काय. शाळकरी पोर फाट्यावरच्या शेडकडं बोट दाखवेल. द्राक्षबागायतदार दारातल्या मालगाडीकडं दाखवेल. मोटारसायकलवाला ॲक्सिलेटर पिळूनच उत्तर देईल. तिघंही बरोबर आहेत. इंग्रजीतलं हे दोन शब्दांचं क्रियापद आपल्याकडं येऊन एक शब्द झालं, बोलताना त्याचं 'पिकप' झालं आणि पुरतं गावचं होऊन गेलं. पण येता येता त्याचं नाम झालं. क्रियापदाचं नाम झालं की कर्ता पळून जातो. कोण उचलणार आणि कुणाला उचलणार, हे सांगायची जबाबदारी मग कुणावरच उरत नाही. या आठवड्यात मला बोलायचंय ते त्या पळालेल्या कर्त्याबद्दल.

असली जोडक्रियापदं अवघड असतात हे इंग्रजांनाही ठाऊक होतं. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली आपला मोठा शब्दकोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच त्यानं म्हणून ठेवलं की साध्या क्रियापदाला एखादं छोटं अव्यय चिकटवून अर्थ फिरवायची खोड इंग्रजीत फार आहे आणि परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. 'पिक' म्हणजे टोचणं, वेचणं. 'अप' जोडलं की खाली पडलेलं वर उचलणं. हाताच्या एवढ्याशा हालचालीतून पुढं केवढा पसारा झाला! वाटेत थांबून माणसाला गाडीत घेतलं, पिक अप. आजारी माणूस सुधारला, पिक अप. धंद्यानं जोर धरला, पिक अप. कानावर पडून पडून भाषा यायला लागली, पिक अप. अनोळखी पोरीशी सलगी केली, तेही पिक अप. १९२५ साली फोर्डनं आपल्या मॉडेल टी गाडीला मागं छोटा हौदा कारखान्यातूनच बसवून दिला आणि त्याला 'पिकअप बॉडी' असं नाव दिलं. क्रियापदाला चाकं लागली ती अशी.

आपल्या दोन जिल्ह्यांत तर या शब्दानं घरोघरी पाट मांडलाय. 'गाडीला पिकप न्हाई ओ' म्हटलं की मेकॅनिक कार्ब्युरेटर उघडतो. 'बेदाण्यानं पिकप घेतला' म्हटलं की तासगावचा व्यापारी फोन उचलतो. मिरजेत सतार-तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांचं काम शंभर-दीडशे वर्षांहून जुनं. तारेचं कंपन पकडून त्याचा विजेचा संकेत करणारा छोटा तुकडा वाद्याला बसवतात, त्याचंही नाव पिकअप. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर 'पिकअप वेअर' म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर असतो वरच्या धरणातून सोडलेलं पाणी नदीत खाली अडवून कालव्यात घालणारा बंधारा.

या सगळ्यांत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो रंगमंचावरचा पिकअप. सांगली ही नाटकाची पंढरी. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' उभं केलं, म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. आजही कुठल्याही तालमीत जाऊन बसा, दिग्दर्शक ओरडताना ऐकू येईल, 'पिकअप घ्या, पिकअप!' समोरच्याचं वाक्य संपतं न संपतं तोच आपलं वाक्य उचलायचं. उशीर झाला की समोरचा नट तोंडघशी पडतो आणि प्रेक्षागृहाला ते लगेच कळतं. इथं कर्ता पळू शकत नाही. समोरच्याला पडू द्यायचं नाही, ही या शब्दाची जुनी अट नाटकवाल्यांनी अजून पाळलीय.

ती अट रस्त्यावर मोडलीय.

पिकअप शेड. गावाच्या फाट्यावर चार खांब, वर पत्रा किंवा स्लॅब, आत सिमेंटचं बाकडं. सरकारी अंदाजपत्रकात याला 'प्रवासी निवारा' म्हणतात. हा शब्दच पुरता शरण गेलेला आहे. निवारा म्हणजे ऊनपाऊस लागणार नाही, एवढंच वचन. गाडी येईल, थांबेल, घेऊन जाईल याची हमी त्यात कुठंच नाही. त्यापेक्षा लोकांनी उचललेला इंग्रजी शब्द प्रामाणिक म्हणायचा. त्याच्यात निदान उचलायचं नाव तरी होतं. शेडच्या कपाळावर कुणाच्या फंडातून ते बांधलं हे ठळक रंगात, खांबावर वाढदिवसाचे फ्लेक्स, आणि कुठली गाडी किती वाजता येणार याची एक ओळ नाही. माणसं शेडमध्ये बसतही नाहीत. आत बसलेला माणूस ड्रायव्हरला दिसत नाही, म्हणून सगळी पुढं येऊन पांढऱ्या पट्टीवर उभी राहतात, हात वर करून. थांबायचं ठिकाण एकीकडं आणि शेड दुसरीकडं, असा प्रकार रस्ता रुंद झालेल्या गावांत हमखास. पुणे-बेंगळुरू महामार्गावर तर लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या उड्डाणपुलावरून निघून जातात आणि गाव खाली सर्व्हिस रोडला उभं. पुलावर गाडीचा पिकअप झकास, पुलाखाली पिकअपला माणूस.

यष्टीबद्दल, म्हणजे आपल्या एसटीबद्दल, मी हे रागानं लिहीत नाही, मायेनं लिहितोय. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली गाडी धावली, त्यानंतर खेड्यातली पोरं शाळेला गेली, बाळंतिणी दवाखान्याला पोचल्या, माहेरवाशिणी सणाला आल्या, ते याच लाल गाडीनं. तिच्याकडं 'विनंती थांबा' हा किती सुंदर शब्द होता! माणसानं हात करायचा आणि गाडीनं मान द्यायचा. २०२१ च्या शेवटी सुरू झालेला यष्टी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा आपल्याकडच्या गावांना सांभाळलं ते वडापनं, म्हणजे खासगी प्रवासी गाड्यांनी. वडापवाल्याला शेड लागत नाही, फलक लागत नाही. बांधावरनं हात केला तरी तो थांबतो, दाटीवाटीनं का होईना आत घेतो. ते धोक्याचं आहे, मान्य. पण 'पिक अप' या क्रियापदाचा मूळ अर्थ या भागात आज जगतोय तो वडापमध्ये, आणि यष्टीला याची लाज वाटली पाहिजे. चालक-वाहकांना दोष देऊन भागणार नाही. गाड्या आणि माणसं कमी पडली की सगळ्यात आधी गळतो तो लहान गावचा थांबा, आणि तो गाळायचा निर्णय टेबलावर होतो. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं. उत्तम निर्णय. पण अर्धं तिकीट गाडीत चढलेल्या बाईला मिळतं, फाट्यावर उभ्या राहिलेल्या बाईला नाही.

मग ती बाई कशानं जाते? पिकअपनं. शब्द तोच, गाडी दुसरी.

द्राक्षाच्या फळछाटणीनंतर तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज पूर्व भागात सकाळी रस्त्याला उभं राहून बघा. थिनिंगला, डिपिंगला निघालेल्या बायका मालवाहू पिकअपच्या हौद्यात उभ्या असतात. साडीवर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, खांद्याला डब्याची पिशवी. एक हात केबिनमागच्या लोखंडी पाइपला, दुसरा शेजारणीच्या दंडाला. वळणावर सगळा हौदा एका अंगाला कलतो. मधे बसलेल्या म्हातारीच्या गुडघ्यात कुणाचा तरी पाय असतो. काढणीच्या दिवसांत त्याच हौद्यातून द्राक्षांचे क्रेट जातात, आणि त्या क्रेटखाली मात्र कागदाची रद्दी अंथरलेली असते, माल दबू नये म्हणून. मालवाहू गाडीत प्रवासी नेऊ नयेत असं कायदा सांगतो. हे गाडीवाल्याला माहीत आहे, बागायतदाराला माहीत आहे, नाक्यावरच्या शिपायाला माहीत आहे. द्राक्षाच्या मण्याला जपणारी आपली माणसं आहेत ही. त्यांनी मणी विरळणाऱ्या हातांना इतकं स्वस्त धरावं, हे मला मान्य नाही.

म्हैसाळ योजना कृष्णेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्यानं उचलून थेट जतच्या दुष्काळी शिवारापर्यंत नेते. ताकारी आणि टेंभूही तशाच. 'पाणी उचललं का?' हा आमच्याकडं उन्हाळ्यातला रोजचा प्रश्न. नदी उचलून चढावर नेण्याइतकी ताकद आणि पैसा ज्या भागानं उभा केला, त्या भागाला त्याच जतच्या बाईला बाकड्यावर बसवून तासगावला आणता येत नाही, हे मला पटत नाही.

आता 'उचल'. हा आपला घरचा शब्द, आणि त्याचंही नेमकं पिकअपसारखंच झालंय: नाम झालं आणि कर्ता पळाला. मराठी क्रियापदं जोडी बदलली की रंग बदलतात: आजार उचल खातो, पोलीस माणूस उचलतात, साहेबाची उचलबांगडी होते. पण ऊसपट्ट्यात 'उचल' म्हटलं की पैसा. कृष्णाकाठी, वारणाकाठी, कराडपासून वाळव्यापर्यंत दर हंगामाच्या तोंडाला एकच चर्चा, पहिली उचल किती? पूर्वी हे बरोबर होतं. हंगाम संपल्यावर अंतिम दर ठरायचा, त्याआधी अंगावर थोडे पैसे मिळायचे, ती उचल. आज मामला वेगळा आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. २००९ पासून एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला ती टनाला ३,५५० रुपये ठरली. हा कायद्यानं ठरवलेला किमान दर आहे, कुणी उपकार म्हणून दिलेली उचल नव्हे. तरी शब्द चिकटून राहिला. आणि शब्द राहिला की भावनाही राहते. शेतकरी स्वतःचंच घामाचं बिल उसनवारी मागितल्यासारखं मागतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारनं एफआरपीचे दोन तुकडे करायला मुभा दिली, तेव्हा शेतकरी नेते राजू शेट्टी हायकोर्टात गेले आणि मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द झाला. कोर्टानं हक्काचं नाव हक्क ठेवलं. आता आपण 'उचल' म्हणणं सोडून 'ऊसबिल' म्हणायला काय हरकत आहे?

सोडायलाच हवं, कारण त्याच फडात, त्याच उसाच्या सरीत, 'उचल' हा शब्द खऱ्या अर्थानं भोगणारी माणसं वेगळीच आहेत. बीडकडून, आपल्याच जतकडून, माण-खटावकडून ऊसतोडीला आलेलं जोडपं. त्या दोघांना मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसाचं नाव गेलं, अवजाराचं राहिलं. त्यांनी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, ती उचल. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही, आजारी पडता येत नाही, बाळंत होऊन चार दिवस निजता येत नाही. टोळीसाठी ऊस वाहणाऱ्या वाहनमालकानं कर्ज काढून मुकादमाला लाखो रुपये द्यावेत आणि टोळी यायचीच नाही, असंही आपल्या भागात घडतं. अनेक वाहनमालक त्यात बुडालेत, त्यांचंही दुःख खोटं नाही. पण सगळ्यात खाली कोयता असतो, आणि त्याच्या हातात हिशेबाचा कागद बहुतेक वेळा नसतोच. एकाच बांधावर एकाची 'उचल' म्हणजे येणं आणि दुसऱ्याची 'उचल' म्हणजे डोक्यावरचं देणं. पहिल्यासाठी आंदोलनं होतात, रस्ते अडतात, ते योग्यच आहे. दुसऱ्यासाठी कोयता ज्या कारखान्याचा ऊस तोडतो, त्या कारखान्यानं त्याच्या नावानं छापील हिशेब द्यावा. अंगावर किती, फिटले किती, राहिले किती. संघटनांनी ही मागणी पहिल्या उचलीच्या शेजारी लिहावी.

शेडचं काम मात्र आपल्या हातातलं आहे. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. आपल्या पिकअप शेडवर देणाऱ्याच्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत गाड्यांच्या वेळा लिहायच्या, शेड आणि थांबा एका जागी आणायचा, सकाळी कामावर जाणाऱ्या बायकांच्या वेळेला द्राक्षपट्ट्यातून एक साधी गाडी मागायची. बागायतदारांनी वर्गणी काढून ती गाडी भरून द्यायची तयारी त्याच ठरावात लिहून द्यावी. ठराव आगार व्यवस्थापकांना द्या, प्रत विभाग नियंत्रकांना. आणि पोच घ्या, तारखेसह.