समोरच्या काकांचा श्रीवर्धनचा प्लॉट

"कळलं का तुम्हाला? समोरचे काका श्रीवर्धनला प्लॉट घेतायत. समुद्र दिसतो म्हणे!"

शेजारच्या काकूंनी कढीपत्ता द्यायला हात पुढे केला आणि कोपर भिंतीवर टेकलं, तेव्हाच ओळखलं की कढीपत्ता हे निमित्त आहे. बातमी तशी शिळी होती. कोथरूडच्या आमच्या गल्लीत काका ती स्वतःच वाटत फिरत होते. पण काकूंचं माहेर श्रीवर्धन, त्यामुळे बातमीवरचं भाष्य तरी ताजं मिळणार होतं.

"बरंच की," मी म्हटलं. "चांदणी चौक ओलांडायचा, ताम्हिणी उतरली की माणगाव, पुढे म्हसळा. सकाळी निघालं तर जेवायला पोचतो माणूस."

"जेवायला पोचतो हो. राहायला पोचणं वेगळं. आमच्या आळीतलं एक तरी जुनं घर समुद्राकडे तोंड करून आहे का, बघा. घर रस्त्याला. मागे नारळ-पोफळीची वाडी, तिच्या मागे सुरू, मग पुळण. समुद्र ऐकायला यायचा, बघत बसायला वेळ कुणाला होता? आणि त्या खाऱ्या वाऱ्यापुढे काय टिकतं? बिजागऱ्या, नळ, गॅसची शेगडी, फ्रिजची मागची बाजू, सगळं गंजतं. काकांनी आत्ताच नवी गाडी घेतलीय ना?"

"ती तर ते पुण्यातसुद्धा झाकून ठेवतात."

"झाकली म्हणून खार थांबतो होय?"

काकूंना माहेरचं वाईट बोलायची हौस आहे असं कुणी समजू नये. तो अधिकार फक्त त्यांचा आहे. मी एकदा "तिकडे फार दमट असतं बाई" म्हटलं, तर आठवडाभर कढीपत्ता बंद होता.

"तरी पेशव्यांचं गाव," मी जरा डिवचलं.

"तेच तर म्हणते. बाळाजी विश्वनाथांनी काय केलं? घरात श्रीवर्धनची देशमुखी, पण सिद्दीच्या जाचाने गाव सोडलं, देशावर आले, आणि १७१३ साली शाहू महाराजांचे पेशवे झाले. नाना फडणवीसांचं भानू घराणं बाणकोटच्या खाडीपलीकडचं, वेळासचं. तेही आले. यांच्यातल्या एकाने तरी म्हातारपणी परत जाऊन पाच गुंठे घेतले का?"

इतिहासाचा असा उपयोग शनिवारवाड्याच्या दारात राहणाऱ्यांनाही सुचला नसता.

मग निसर्ग वादळाचा विषय निघाला, तो काकूंकडे निघतोच. ३ जून २०२० ला दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्याच बाजूला किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. "भावाचा फोन बंद झाला तो किती दिवस लागेचना," काकू म्हणाल्या. "कितीक गावांत वीज यायला महिना गेला. पत्रे, कौलं एक वेळ परत घालता येतात. पोफळी कुठून आणायच्या? आमची रोठा सुपारी बाजारात नावाने मागतात. पण झाड लावलं की पाच-सात वर्षं नुसतं शिंपत बसायचं, तेव्हा कुठे ते धरतं. त्या पावसात लावलेली आत्ता धरायला लागलीयत. आणि भरपाई आधी काय जाहीर झाली? हेक्टरावर! आमच्याकडे हेक्टर कुणाचा असतो? सगळ्यांच्या वाड्या गुंठ्यांत. आरडाओरडा झाला तेव्हा कुठे झाडं मोजायला लागले."

"पण सहलीला तर जायला हरकत नाही ना? माझी नणंद दिवाळीनंतर हरिहरेश्वरला जायचं म्हणतेय."

"जाऊ दे की. पण प्रदक्षिणा करायची असली तर तिथी बघून जा म्हणावं. तो खडकातला रस्ता ओहोटीलाच मोकळा असतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यापुढे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मिनिटांचा हिशेब नाही मिळत, पण पाय भिजवायचे की नाही एवढं कळतं. तुमच्या घरी कॅलेंडर आहे, पण चतुर्थी तुम्ही बघता ती साबुदाणा भिजवायला!"

ही पाऊणपट मी तिथल्या तिथे बोटांवर करून बघितली. जमते. नणंदेलाही कळवलं. तिने मोबाइलवर भरतीचं ॲप असल्याचं सांगितलं, आणि तिथीचं गणित करायला मोबाइलला रेंज लागत नाही हे मी तिला ऐकवलं.

"ज्यांना ना तिथी ना ॲप, ते गाडी घेऊन थेट पुळणीवर उतरतात," काकू सांगत होत्या. "ओल्या वाळूत चाक बसलं की ट्रॅक्टर आणा म्हणून गावात धावाधाव. गाडी कुठली, हे कुणी विचारत नाही. एमएच बारा नाहीतर चौदा. आणि जुलैत येऊन ताजा पापलेट मागतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीच बंद असते, जीवना बंदरात होड्या ओढून ठेवलेल्या दिसतात, तरी विचारतात!"

भिंतीच्या पलीकडे कुकरची शिट्टी झाली. काकू हलल्या नाहीत.

"आणि ती बोट आठवते का? १८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी. हरिहरेश्वरला बेवारशी नौका लागली, आत तीन एके-४७. जिल्ह्याला नाकाबंदी. मग कळलं, कुणा ऑस्ट्रेलियन बाईची नौका, मस्कतकडून युरोपला निघालेली. इंजिन बंद पडलं, माणसांना वाचवलं, आणि नौका आपली वाहत वाहत आमच्या दारात. पुण्यात लोकांनी विनोद केले. आमच्याकडे नाही कुणाला हसू आलं. १९९३ ला शेखाडीला आरडीएक्स उतरलं होतं, ते माझ्या माहेरपासून हाकेवर."

मला राहवेना. "काकू, एवढं सगळं आहे, तर माहेरचा तुमचा हिस्सा तुम्ही सोडून का नाही देत?"

"सोडायचा? काय बोलता! डिसेंबरातला मंगळवार बघितलाय का तुम्ही तिथला? शनिवार-रविवारची माणसं गेलेली, पुळणीवर चार कुत्री आणि दोन म्हातारे. वाडीत दुपारी सुपाऱ्या वाळत घातलेल्या. संध्याकाळी लक्ष्मीनारायणाच्या देवळात जाऊन यावं, येताना कुणाच्या तरी पडवीत तासभर बसावं. ते काही प्लॉटबरोबर मिळत नाही. त्यासाठी पडवीतल्या माणसाने तुम्हाला ओळखावं लागतं. काकांना ओळखणार कोण? पाच गुंठ्यांना कुंपण घालून, आत कॅमेरे लावून समुद्र बघत बसणार एकटे."

हे बाकी खरं होतं. काका आमच्या गल्लीतही प्लॉटची बातमी सोडून कुणाशी काही बोलत नाहीत.

मग आम्ही दोघींनी काकांसाठी यादी केली, न विचारता. सातबाऱ्यावर नावं किती, आणि त्यातली मुंबईला किती. रस्ता कागदावर आहे की शेजाऱ्याच्या वाडीतून जातो. सीआरझेडमध्ये बांधायला परवानगी मिळेल का. विहिरीचं पाणी मे महिन्यात गोडं राहतं की मचूळ होतं. मोठं दुखणं आलं तर ताम्हिणी चढून पुण्यालाच यायचं, मग रात्री घाटात गाडी कोण चालवणार. यादी देणार कोण, यावर मात्र एकमत झालं नाही.

तुमच्याही गल्लीत असे एखादे काका असतील, तर त्यांना एवढंच सांगा: विसार देण्याआधी जुलैतले पंधरा दिवस तिथे खोली भाड्याने घेऊन राहा. पुण्यात पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस तिथे पडतो. पंधरा दिवसांनंतरही प्लॉट हवासा वाटला, तर खुशाल घ्या.