तयारी पुरे, वही हातात घ्या

दहा-बारापुढे मोजता न येणाऱ्या बाईने बाळाचे श्वास मोजायचे कसे? ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गडचिरोलीत हा प्रश्न खरोखर पुढ्यात होता. न्यूमोनियाने लेकरं दगावत होती. डॉक्टर कित्येक कोस लांब. गावात हाकेला धावणारी एकच, सुईण. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिला आधी साक्षर करण्यात वर्षं घालवली नाहीत. तिच्या हातात मण्यांचं एक साधं साधन दिलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. सोबतच्या वाळूच्या घड्याळातली मिनिटभराची वाळू खाली पडायच्या आत ठरलेला मणी आला, तर श्वास जलद आहे. औषध सुरू करायचं.

पुढे ३९ गावांत जेमतेम शाळा शिकलेल्या बायका आरोग्यदूत झाल्या. तान्ही बाळं त्यांनी घरच्या घरी सांभाळली, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही दिलं. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्या कामाची मुळं या गावांत आहेत. प्रशिक्षण या बायकांनाही मिळालं, पण ते काम करता करता. बाळ पुढ्यात, शिकवणी त्याच्या शेजारी.

आणि तालुक्याच्या अभ्यासिकेत बसलेला आमचा पदवीधर मुलगा सांगतो, “अजून माझी तयारी झाली नाही.”

कसली तयारी, ते विचारलं तर मोठी यादी निघते. पहाटे पाचला उठायची सवय लावतोय. इंग्रजी सुधारतोय. नागपूरला व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर करून आला, पुढच्या महिन्यात दुसरं आहे. आधी स्वतःला घडवतो, मग गावाचं बघतो. पोलीस भरतीसाठी मैदान घामाने भिजवणाऱ्या मुलामुलींबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्यांच्या परीक्षेला तारीख असते. ज्या तयारीला तारीखच नाही, तिची मला भीती वाटते. तिच्यात मेहनत खरी असते, म्हणून तर वर्षं वाया गेलेली कळत नाहीत.

अभ्यास नको, असं कोण म्हणेल? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाइतका अभ्यास कुणी केला असेल! देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांचा अभ्यास गट प्रसिद्धच आहे. पण तो गट बसायचा गावाच्या प्रश्नावर. कायदा काय म्हणतो, जंगल कसं राखायचं, यावर बोलणं व्हायचं आणि निर्णय ग्रामसभा घ्यायची, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवान्यावर घोडं अडलं. गाव अडून राहिलं. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. व्यवस्थापनाची पदवी गावात कुणाकडे होती? मजुरी, विक्री, बँक, पॅन कार्ड, सगळं अंगावर घेतलं आणि निस्तरता निस्तरता शिकले.

आज पेसा आणि वनहक्क कायद्यांच्या बळावर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकतात. मे महिन्यात एकदा फळीवर, म्हणजे पानं गोळा होतात त्या जागी, जाऊन उभे राहा. भल्या पहाटे जंगलात गेलेल्या बाया दुपारी घरी बसून पुडे बांधतात, सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर रांगा लागतात. हजार पुड्यांचं एक पोतं. कुणाचे किती, फुटके किती, काल किती आणले होते, हे सगळं त्या घाईत एकाच वहीत चढायचं असतं. ती वही नीट लिहिणारं माणूस कितीतरी गावांना मिळत नाही. मग कंत्राटदाराचा माणूस लिहितो आणि म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

तिचा नातू बी.ए. झालाय. तालुक्याला असतो, आत्मविश्वास कसा वाढवायचा ते शिकतोय.

बाबा रे, गावी ये. उन्हाळ्याआधी ग्रामसभेची बैठक असेल, तिथे ती वही मागून घे. पहिल्या संध्याकाळी तुझी बेरीज चुकेल. चुकू दे. रांगेतली एखादी मावशी तिथल्या तिथे ओरडेल, “माझे सहा पुडे कमी लिवलेस!” तू मान खाली घालून खोडशील आणि तिच्या देखत पुन्हा मोजशील.