कृपया वैध माहिती भरा

वेबसाइटी बनवणं हा माझा धंदा असल्यामुळे एक आतली गोष्ट मला ठाऊक आहे. तुम्ही पानभर फॉर्म भरता, शेवटचं बटण दाबता आणि पान लाल होऊन म्हणतं, 'कृपया वैध माहिती भरा'. अशा वेळी तुमची माहिती बहुतेकदा वैधच असते. मोबाइल नंबर लिहिताना पाच आकड्यांनंतर तुम्ही थोडी जागा सोडलेली असते, एवढाच काय तो गुन्हा. ती जागा काढून टाकायला जावास्क्रिप्टमध्ये एक ओळ लागते. जागा सापडली म्हणून तुमच्यावर डाफरायलाही एकच ओळ लागते. आमच्या धंद्यात दुसरी ओळ लिहायची पद्धत आहे.

पुणेरी पाट्यांची लोक उगाच चेष्टा करतात. 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल' ही पाटी उद्धट असेल, पण काय करायचं नाही आणि केलंच तर काय होईल, हे दोन्ही तिच्यात आहे. आता 'समथिंग वेंट रॉन्ग' घ्या. काय चुकलं, कुणाचं चुकलं, गाडी कुठे लावू? काही पत्ता नाही. वर 'ओके' नावाचं एकच बटण, म्हणजे चुकलं ते चुकलं, तुमची सही तेवढी हवी.

लॅरी टेस्लर नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने या प्रकाराचा मुळापासून विचार केला होता. १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत कट-कॉपी-पेस्ट घडवणाऱ्यांपैकी तो एक. २०२० साली तो वारला. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात थोडी कटकट असतेच, ती नाहीशी होत नाही. ती कुणी सोसायची, बनवणाऱ्याने की वापरणाऱ्याने, एवढंच आपल्या हातात असतं. लाखो लोकांचं एकेक मिनिट खर्ची घालण्यापेक्षा एका इंजिनिअरने आठवडाभर जास्त राबावं, असा त्याचा हिशेब होता. हा हिशेब आमच्याकडे मॅनेजरला सांगून पाहा. इंजिनिअरचा आठवडा बिलात दिसतो. लाखो लोकांची मिनिटं कुणाच्याच बिलात दिसत नाहीत, म्हणून ती फुकट. आणि ज्याने आपल्याला पेस्ट करायला शिकवलं, त्याचं ऋण आम्ही खाते क्रमांकाच्या चौकटीत पेस्ट बंद ठेवून फेडतो. चौदा-पंधरा आकडे चष्मा वरखाली करत हाताने टाइप केले म्हणजे ते अधिक सुरक्षित होतात, अशी काही ठिकाणी श्रद्धा आहे.

आमची स्वतःची सोय मात्र दरवर्षी वाढते आहे. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइकने १९९५ साली दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली. पुढे तिच्याशी भांडण नको म्हणून २००६ मध्ये जेक्वेरी आली, २०१० मध्ये अँग्युलर, २०१३ मध्ये रिअॅक्ट, त्यानंतर व्ह्यू, मग स्वेल्ट. एकाची बाराखडी पाठ होते न होते तोच दुसऱ्याची मुंज लागते. जगभरातल्या लोकांनी लिहिलेले तयार तुकडे एका आज्ञेसरशी उतरवून घेता येतात, त्यामुळे साधी 'नमस्कार' म्हणणारी वेबसाइट सुरू करायची तरी फोल्डरमध्ये हजारो फायली येऊन बसतात. २०१६ च्या मार्चमध्ये एका प्रोग्रॅमरने रागाच्या भरात आपला लेफ्ट-पॅड नावाचा असाच तुकडा मागे घेतला, तर जगातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांची कामं अडली. अकरा ओळींचा तुकडा होता तो. काम काय, तर अक्षरांच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणं! जागा घालणाऱ्याविना सगळ्यांचं अडतं. काढणारा कुणालाच नको असतो.

फॉर्म चालतो का, हे तपासायचं शास्त्र आहे. ते फार महागही नाही. जेकब नील्सन या मूळच्या डेन्मार्कच्या गृहस्थांनी २००० साली लिहून ठेवलं की पाच माणसांसमोर वेबसाइट ठेवली तरी सुमारे ८५ टक्के दोष बाहेर येतात. आमच्या ऑफिसातली पाचही माणसं वेबसाइट बनवणारीच असल्यामुळे दोष बाहेर येण्याचं प्रमाण तिथे शून्य. एका पतसंस्थेच्या 'ज्येष्ठ नागरिक विशेष ठेव योजने'चा अर्ज नुकताच तयार झाला होता. तो मी आत्याच्या पुढ्यात ठेवला.

अशा चाचणीत बनवणाऱ्याने गप्प बसायचं असतं. मदत नाही, खुणा नाहीत, उसासेसुद्धा नाहीत. कोपनहेगनमध्ये हे जमत असेल. आत्याने दोन मिनिटांतच विचारलं, "मूग गिळून काय बसलायस? सांग की काय लिहू!"

पहिली चौकट नावाची. आत्याने सौ. लावून नाव लिहिलं. अर्ज म्हणाला, विशेष चिन्हं चालणार नाहीत. हे विशेष चिन्ह म्हणजे सौ. नंतरचं टिंब आहे, हे कळायला आम्हां दोघांनाही वेळ लागला. "म्हणजे सौभाग्य चालतं, टिंब चालत नाही," असं म्हणून तिने टिंब पुसलं.

मग आधार क्रमांक. कार्डावर तो चार-चार आकड्यांच्या तीन गटांत छापलेला असतो, कारण माणसाला तो तसाच वाचता येतो. आत्याने तसाच लिहिला. चौकटीत बारा अक्षरं मावतील अशी तजवीज होती आणि मधल्या दोन जागा धरून बारा भरल्यावर बोटं दाबली तरी काही उमटेना. शेवटचे दोन आकडे बाहेरच राहिले. अर्जाचा निर्णय : आधार क्रमांक अपूर्ण आहे.

फोनचा कीबोर्ड मराठी असल्यामुळे जन्मसाल तिने १९५२ असं, आपल्या आकड्यांत लिहिलं. 'फक्त अंक लिहा', अर्ज म्हणाला.

"मग मी काय लिहिलंय? पालेभाज्यांची नावं?"

याला मी काय उत्तर देणार? पायथन नावाची भाषा मराठी आकडे निमूट समजून घेते. तिला १२३ दिले की ती एकशे तेवीस धरून बेरजेला बसते. जावास्क्रिप्टला तेच दिले की ती म्हणते 'नॅन', म्हणजे हा आकडा नव्हे. मग तिलाच विचारलं की बाई, हे नॅन कोणत्या जातीचं आहे, तर ती सांगते, आकडा. दहा दिवसांत बनवलेल्या गोष्टीला यापेक्षा जास्त काय विचारायचं!

टाइप करणं जमत नसेल तर शेजारी कॅलेंडरचं चित्र होतंच. ते आजच्या महिन्यावर उघडलं. मागे जायला एक बाण, एका दाबात एक महिना. ज्येष्ठांसाठीच्या खास योजनेत १९५२ पर्यंत पोचायला तो बाण साडेआठशेहून जास्त वेळा दाबायचा होता. ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटींसाठी जे नियम लिहिलेत, त्यांत जन्मतारखेला तीन साध्या चौकटी सांगितल्या आहेत : दिवस, महिना, वर्ष. तीन चौकटी दिसायला गरीब दिसतात. आमच्या ग्राहकाला कॅलेंडर हवं असतं, कारण ते उघडताना झोकात सरकतं. आत्या नेटाने १९९८ पर्यंत गेली आणि म्हणाली, "एवढ्यात मी सदतीस सालची असते तर मरूनच गेले असते."

बँकेच्या आयएफएससी कोडाची गंमत तर मला फारच आवडते. अकरा अक्षरांचा हा कोड. पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि पाचवं नेहमी शून्य. नेहमी म्हणजे नेहमी. आत्याच्या वहीत तो हाताने उतरवलेला होता आणि तिने शून्याच्या जागी इंग्रजी ओ दाबला. पाचव्या जागी शून्याखेरीज काहीच असू शकत नाही हे अर्जाला पक्कं माहीत होतं, म्हणूनच तर त्याला चूक सापडली. एवढं माहीत असून त्याने स्वतः ते शून्य केलं नाही. उत्तर ठाऊक असलेल्या परीक्षकासारखा तो हाताची घडी घालून उभा राहिला.

शेवटी ओटीपी आला. तो वाचायला आत्या मेसेजमध्ये गेली आणि परत आली तर अर्ज कोरा. यावर ती काय म्हणाली ते इथे देत नाही.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं. टीम लीड म्हणाला, "हे एज केस आहेत रे." म्हणजे कडेचे, क्वचित येणारे प्रकार. आत्याला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्याला माझं एज कुणी सांगितलं?"

हे सगळं येत नाही म्हणून होत नाही, असं मात्र कुणी समजू नये. पैसे घ्यायचे असले की याच धंद्याला माणूस आरपार कळतो. मग कार्ड आपोआप आठवतं, पत्ता आपोआप भरतो, बटण अंगठ्याखाली आपण होऊन येतं. सदस्यत्व घ्यायला एक दाब, सोडायला सात पानं आणि 'नको, मला पैसे वाचवायला आवडत नाहीत' असं म्हणायला लावणारं एक फिकट बटण. ही कला इतकी पुढे गेली की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२३ च्या नोव्हेंबरात नियम काढून असे तेरा प्रकार नावानिशी नोंदवावे लागले. तेरा प्रकारे माणसाला गुंडाळण्याइतकी बुद्धी ज्यांच्याकडे आहे, त्यांना मोबाइल नंबरातली एक जागा पेलत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

तर ती ओळ मी लिहिली. जागा आल्या तर काढून टाका, मराठी आकडे आले तर समजून घ्या, पाचव्या जागी ओ असेल तर शून्य करा. चहा थंड व्हायच्या आत झालं सगळं. संध्याकाळी टेस्टिंगवाल्या मुलाचं तिकीट माझ्या नावावर येऊन पडलं : 'मोबाइल नंबरात जागा सोडली तरी अर्ज स्वीकारला जातो. एरर येत नाही. अपेक्षित : एरर यावी. प्राधान्य : तातडीचे.'